मागच्या खोलीपर्यंत नेट : घरात स्वतःचा राउटर कसा जोडावा



घरात नेटची जोडणी घेणे ही आता चैन राहिलेली नाही. मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. रेल्वे भरतीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, निकाल, सातबारा, सगळे नेटवर आले आहे. म्हणूनच भुसावळच्या रेल्वेत, दीपनगरच्या वीज केंद्रात, केळीच्या बागेत किंवा बांधकामावर राबणारी आपली माणसे पोटाला चिमटा काढून दरमहा चारशे-पाचशे रुपये नेटसाठी बाजूला काढतात. हा पैसा कष्टाचा आहे. तो सत्कारणी लागतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

यावलमध्ये कामानिमित्त आम्ही घरोघरी जातो. तेथे एक गोष्ट वारंवार दिसते. नेटचा डबा बहुतेक घरांत पुढच्या खोलीत, दारावरच्या फळीवर बसवलेला असतो, कारण जोडणीवाल्याला तार तेथपर्यंत आणणे सोपे जाते. पुढच्या खोलीत टीव्ही असतो, पाहुणे असतात, गप्पा असतात. तेथे नेट धो-धो चालते. आणि ज्या मुलीला उद्या अर्ज भरायचा आहे किंवा परीक्षेचा धडा पाहायचा आहे, ती स्वयंपाकघरालगतच्या मागच्या खोलीत बसलेली असते. तेथे मोबाईलवर गोल चक्र फिरत राहते. शेवटी ती आपला मोबाईल घेऊन ओट्यावर येते. ओट्यावर अभ्यास होत नाही, हे आपण सर्व जाणतो. म्हणजे पैसा सर्व घराने भरायचा आणि नेट मात्र पुढच्या खोलीने वापरायचे, असा हा प्रकार आहे.

खेड्यापाड्यांत काचतंतू नेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केला. पुढे त्याला भारतनेट हे नाव मिळाले. ग्रामपंचायतीपर्यंत तंतू नेणे हे सरकारचे काम, गल्लीत तार ओढणे हे जोडणीवाल्याचे काम. पण पुढच्या खोलीपासून मागच्या खोलीपर्यंतची पंचवीस-तीस फुटांची वाट कोण काढणार? ती आपल्यालाच काढावी लागते. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही. हे काम कसे करावे, ते या लेखात पाहू.

आधी दुखणे ओळखा

नेट हळू चालते अशी तक्रार केली की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते. आमच्या ओळखीच्या एका घरी घडलेला संवाद असा.

"ताई, तुमचा प्लॅन लहान आहे. दोनशे रुपये जास्तीचे भरा, मोठा घेऊन टाका."

"अहो भाऊ, पण पुढच्या खोलीत तर चांगले चालते ना! मग प्लॅन लहान कसा?"

ताईंचा प्रश्न बरोबर होता. विहिरीला पाणी भरपूर आहे, पण पाइप शेताच्या टोकापर्यंत गेला नाही, तर विहीर आणखी खोल खणून टोकाचे पीक भिजत नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक साधी तपासणी करावी. डब्याजवळ उभे राहून मोबाईलवर वेग मोजावा. वेग मोजण्याचे मोफत ॲप मिळते. आकडा कागदावर लिहावा. मग मागच्या खोलीत जाऊन पुन्हा मोजावा. डब्याजवळ ५० आणि मागच्या खोलीत ३ असा आकडा आला, तर दोष प्लॅनचा नाही, वायफायच्या वाटेचा आहे. पण डब्याजवळही आकडा फार कमी आला, तर लॅपटॉप असल्यास तो तारेने डब्याला जोडून एकदा मोजावे. तारेनेही वेग मिळत नसेल तर दोष बाहेरच्या लाइनचा. तेव्हा नवा राउटर आणून उपयोग नाही, रीतसर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून ठेवावा.

येथे एक खुलासा करतो. प्लॅनवर '५० एमबीपीएस' लिहिलेले असते त्यातील बी म्हणजे बिट. फाइलचा आकार मोजतात तो बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून ५० च्या प्लॅनवर सेकंदाला साधारण ६ एमबीची फाइल उतरते. यात कोणी फसवणूक केलेली नसते. आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, कागदपत्रे चढवायला, धड्याचा व्हिडिओ पाहायला ५ ते १० चा वेग पुरतो. तो फक्त सलग मिळाला पाहिजे.

एकाच डब्यात दोन कामे

फायबरची जोडणी घेतली की भिंतीवर जो डबा लागतो त्याला आपण मोडेम म्हणतो. त्याचे खरे नाव ओएनटी. हा डबा मुळात दोन वेगवेगळी कामे करतो.

पहिले काम, काचेच्या तंतूतून आलेला प्रकाश ओळखून त्याचे विजेच्या संदेशात रूपांतर करणे. हे काम कंपनीच्या यंत्रणेशी बांधलेले आहे. प्रत्येक ओएनटीला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो कंपनीच्या यंत्रात नोंदवलेला असतो. म्हणून हा डबा आपण बाजारातून आणून परस्पर बदलू शकत नाही.

दुसरे काम, आलेले नेट घरातील मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप यांना वाटून देणे. हे राउटरचे काम. हे मात्र कंपनीच्याच डब्याने केले पाहिजे असे नाही. आपण स्वतःचा राउटर आणून हे काम त्याच्याकडे देऊ शकतो किंवा दोघांत वाटू शकतो.

हा फरक एकदा ध्यानात आला की निम्मे काम झाले. तंतूकडचा डबा कंपनीचा, घराकडचे वायफाय आपले.

वायफायसाठी सरकारी परवाना लागतो का, असे काही जण विचारतात. एके काळी घरात रेडिओ ऐकायलाही पोस्टातून परवाना काढावा लागे, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. वायफायचे तसे नाही. २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ५ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यातील मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये तसाच खुला झाला. दुकानातून घेतलेला साधा राउटर लावायला कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही.

भिंत, पत्रा आणि केळीचे पान

वायफाय म्हणजे रेडिओच्याच जातीच्या लहरी. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण वाटेत काय आहे त्याप्रमाणे त्या अडतात. विटेच्या एका पातळ भिंतीतून त्या बऱ्यापैकी पार होतात. आपल्याकडील जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती माती-दगडाच्या, दीड-दोन हात जाड असतात. त्या लहरी बऱ्याचशा गिळून टाकतात. लोखंडी पत्रा तर त्यांना आरशासारखा परत फेकतो. म्हणून ज्या घरात दोन खोल्यांमध्ये पत्र्याचा आडोसा आहे, किंवा डब्यासमोर लोखंडी कपाट उभे आहे, तेथे पलीकडे नेट जात नाही. पाणीही लहरी शोषून घेते. पाण्याची टाकी मध्ये आली की अडचण होते. केळीच्या पानात भरपूर पाणी असते, म्हणून बागेपलीकडच्या झोपडीत घरातले वायफाय पोहोचवायचा खटाटोप सहसा यशस्वी होत नाही.

राउटरवर दोन पट्टे लिहिलेले असतात. २.४ चा पट्टा दूर जातो, भिंतीतून बरा जातो, पण वेग कमी. ५ चा पट्टा वेगवान, पण एका-दोन भिंतींत दमतो. जाड भिंतींच्या घरात मागच्या खोलीसाठी २.४ वर भरवसा ठेवावा. राउटर आणि मोबाईल एकाच खोलीत असतील तर ५ वापरावा.

म्हणून नवा राउटर आणण्याआधी फुकटचा उपाय करून पाहावा. डबा कपाटामागून काढून उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. घर लहान असेल तर तेवढ्यानेही काम भागते. मात्र तंतूची बारीक तार ओढू नये, तिला घडी घालू नये, खिळ्याला गुंडाळू नये. आत काच आहे. ती मोडली की डब्यावरचा 'लॉस' लिहिलेला दिवा लाल होतो आणि मग जोडणीवाल्याला बोलावल्याशिवाय गत्यंतर राहत नाही. तारेचे उघडे टोक डोळ्यासमोर धरून आत पाहू नये. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला अपाय करू शकतो. डबा लांब हलवायचा असेल तर ते काम जोडणीवाल्याकडूनच करून घ्यावे.

काय विकत घ्यावे

दुकानात गेल्यावर चार-सहा शिंगांचे चकचकीत राउटर दाखवतात. शिंगांच्या संख्येवर जाऊ नये. चार गोष्टी विचाराव्यात.

पहिली, त्यात 'ॲक्सेस पॉइंट मोड' आहे का? हे सर्वांत महत्त्वाचे.

दुसरी, दोन्ही पट्टे आहेत का?

तिसरी, तार जोडायची तोंडे शंभरची आहेत की हजारची? आपला प्लॅन १०० पर्यंतचा असेल तर शंभरचीही चालतात.

चौथी, फायबरचा राउटर की एडीएसएलचा? जुन्या टेलिफोनच्या तारेवर चालणारा एडीएसएलचा डबा कोणी स्वस्तात दिला तर तो ओळखून घ्यावा. त्याला टेलिफोनच्या तारेचे छोटे तोंड असते.

काही दुकानदार तारेची कटकट नको म्हणून थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये बसणारा रिपीटर देतात. तो वायफाय पकडून पुढे सोडतो. पण एकाच रेडिओवर ऐकायचे आणि बोलायचे असल्याने साध्या रिपीटरवर वेग जवळपास निम्मा होतो. शिवाय मागच्या खोलीत मुळातच लहर पोहोचत नसेल, तर तेथे रिपीटर लावून तो पकडणार काय? भाड्याचे घर आहे, तार ओढता येत नाही, अशा वेळी रिपीटर दोन्ही खोल्यांच्या मध्ये, जेथे नेट अजून बरे आहे अशा जागी लावावा. पण तार ओढणे शक्य असेल तर तारेला तोड नाही.

तार घेताना 'कॅट पाच-ई' किंवा 'कॅट सहा' मागावी. ही तार १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागत नाही. दोन्ही टोकांना प्लग बसवून घ्यावेत. विजेच्या वायरीला चिकटवून ती नेऊ नये, वीतभर अंतर ठेवावे.

जोडणी

सर्वांत सोपी आणि बहुतेक घरांना पुरणारी पद्धत आधी सांगतो. कंपनीचा डबा आहे तसाच राहू द्यायचा आणि आपला राउटर मागच्या खोलीत फक्त वायफाय सोडण्यासाठी वापरायचा. यालाच ॲक्सेस पॉइंट म्हणतात.

एक. नवा राउटर मागच्या खोलीत वीज देऊन सुरू करावा. त्याच्या पोटाखाली चिठ्ठी असते. तिच्यावर वायफायचे नाव, पासवर्ड आणि आतल्या पानाचा पत्ता असतो. मोबाईल त्या वायफायला जोडून तो पत्ता ब्राउझरमध्ये इंग्रजी आकड्यांत टाकावा.

दोन. पहिल्यांदाच तो व्यवस्थापकाचा पासवर्ड ठरवायला सांगतो. तो ठरवून वहीत लिहून ठेवावा.

तीन. 'ऑपरेशन मोड' किंवा अशाच नावाच्या जागी जाऊन ॲक्सेस पॉइंट निवडावे.

चार. वायफायला नाव आणि पासवर्ड द्यावा. पुढच्या खोलीतील डब्याचेच नाव आणि तोच पासवर्ड दिला तर मोबाईल घरात फिरताना जवळचा डबा धरण्याचा प्रयत्न करतो, पुन्हा पुन्हा जोडावे लागत नाही.

पाच. जतन करून राउटर पुन्हा सुरू झाला की कंपनीच्या डब्याच्या 'लॅन' तोंडातून आलेली तार आपल्या राउटरच्या 'वॅन' तोंडात खोचावी. झाले. मागच्या खोलीत उभे राहून वेग मोजावा आणि आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा.

दोन्ही डबे २.४ च्या पट्ट्यावर असतील तर त्यांना वेगवेगळे चॅनल द्यावे. १, ६ आणि ११ हे तीन चॅनल एकमेकांत मिसळत नाहीत. पुढे १, मागे ६ किंवा ११ असे ठेवावे. शेजाऱ्याचा डबा कोणत्या चॅनलवर आहे हेही मोबाईलवरच्या ॲपमध्ये दिसते. दाट वस्तीत त्याचा फार उपयोग होतो.

जुन्या राउटरमध्ये ॲक्सेस पॉइंटची सोय नसेल तर हताश होऊ नये. त्याच्या आतल्या पानावर जाऊन आधी त्याचा स्वतःचा पत्ता बदलावा. कंपनीचा डबा १९२.१६८.१.१ असेल तर आपल्या राउटरला १९२.१६८.१.२ द्यावा. मग शेवटी 'डीएचसीपी' नावाचे कलम बंद करावे. हा क्रम उलटा करू नये, नाहीतर त्या पानावर पुन्हा जाणे कठीण होते. नंतर तार 'वॅन' मध्ये न खोचता 'लॅन' तोंडात खोचावी आणि 'वॅन' रिकामे ठेवावे.

दोन वाटणारे आणि एकच यादी

वर सांगितलेले कलम बंद का करायचे? चाळीचे उदाहरण घ्या. चाळीचा पत्ता बाहेरच्या जगाला एकच माहीत असतो. पत्र आले की कोणत्या खोलीचे ते आतला माणूस पाहतो आणि पोहोचते करतो. नेटचेही तसेच. आपल्या घराला बाहेरच्या जगात एक पत्ता असतो आणि आतल्या मोबाईल-टीव्हीला राउटर खोली क्रमांक वाटतो. असे करावे लागले, कारण जुन्या पद्धतीचे नेटचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच होतात आणि जगाची लोकसंख्याच ८०० कोटींच्या पुढे गेली आहे. म्हणून घरातल्या घरात वापरायचे १९२.१६८ पासून सुरू होणारे क्रमांक राखून ठेवले आहेत. यावलच्या घरात आणि लंडनच्या घरात तेच क्रमांक असतात आणि काही बिघडत नाही.

मात्र एकाच घरात दोन जण खोली क्रमांक वाटू लागले तर गोंधळ होतो. रेशनच्या रांगेत दोघे जण एकाच क्रमांकाचे टोकन वाटू लागल्यासारखे ते आहे. घरातील एक मोबाईल चालतो, दुसरा बंद पडतो, आणि दोष सगळे नेटला देतात. वाटणारा एकच असावा, एवढा नियम पाळला की ही कटकट राहत नाही.

दुसरी पद्धतही माहीत असावी. कंपनीच्या डब्याला 'ब्रिज' करायला सांगायचे, म्हणजे तो फक्त प्रकाशाचे काम करतो आणि वाटपाचे सगळे काम आपला राउटर घेतो. त्यासाठी राउटरच्या 'वॅन' कलमात 'पीपीपीओई' निवडून जोडणीचे नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो. काही ठिकाणी 'व्हीलॅन' चा क्रमांकही लागतो. ही माहिती जोडणीवाल्याकडून लेखी घ्यावी. केबलवाल्याची साधी तार थेट घरात येत असेल आणि मध्ये ओएनटी नसेल, तर हीच पद्धत लागू पडते. फायबरवर टेलिफोनही असेल तर ब्रिज करण्यापूर्वी विचारून घ्यावे, नाहीतर फोन बंद पडण्याची शक्यता असते.

किल्ली घराची

वायफायचा पासवर्ड म्हणजे घराची किल्ली. ती उघड्यावर टांगू नये. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला. पोलिसांनी माग काढला तेव्हा तो नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या वायफायवरून गेल्याचे आढळले. त्याच्या वायफायला कुलूप नव्हते, कोणीतरी बाहेरून ते वापरले होते. चौकशीचा ससेमिरा मात्र त्याच्या मागे लागला. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत कंपन्यांना सूचना दिल्या. गरिबाच्या घरी पोलीस आले तर आपली बाजू मांडायला वकील लावणेही परवडत नाही, म्हणून ही काळजी आपण अधिक घेतली पाहिजे.

पासवर्ड किमान बारा अक्षरांचा असावा. मोबाईल क्रमांक, मुलाचे नाव, १२३४५६७८ असे ठेवू नये. 'डब्ल्यूपीए-दोन' किंवा 'डब्ल्यूपीए-तीन' हे कुलूप निवडावे. 'डब्ल्यूपीएस' हे बटण दाबून जोडण्याचे कलम बंद ठेवावे. आणि आतल्या पानाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कधीही तसाच ठेवू नये. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने असेच कारखान्याचे पासवर्ड वापरून जगभरचे लाखो राउटर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते. मालकांना त्याचा पत्ताही लागला नव्हता.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट' नावाचे वेगळे वायफाय काढता येते. ते वापरावे, म्हणजे मूळ पासवर्ड गल्लीभर होत नाही. शेजाऱ्याच्या मुलाला अर्ज भरायला बोलावून घ्यावे, ते आपले कर्तव्यच आहे. पण घरगुती जोडणी पैसे घेऊन चार घरांना वाटणे नियमात बसत नाही. वस्तीतील वाचनालयात सर्वांसाठी वायफाय द्यायचे असेल तर केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेचा विचार मंडळांनी करावा.

आणखी एक गोष्ट घरातल्या पुरुषांना सांगावीशी वाटते. ही किल्ली एकाच माणसाच्या खिशात असू नये. घरचा कर्ता रात्रपाळीला गेला आणि राउटर बिघडला, तर अर्जाच्या शेवटच्या तारखेला घरातील लेकीसुनांनी कोणाकडे पाहायचे? पासवर्डची वही घरात सर्वांना माहीत असलेल्या जागी ठेवावी आणि राउटरचे पान उघडायला घरातील बाईमाणसांनाही शिकवावे.

वीज आणि ऊन

राउटर साधारण १० वॉट वीज घेतो. चोवीस तास चालला तरी महिन्याला सात-आठ युनिट होतात. वीज गेली की नेट जाते, म्हणून छोटा यूपीएस मिळतो तो घ्यावा. पण अडॅप्टरवर लिहिलेला आकडा आधी वाचावा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे असतात, काही ९ व्होल्टचे. ९ च्या राउटरला १२ चा प्लग लावला तर तो जळू शकतो. दोन्ही खोल्यांतील डब्यांना वीज हवी, हे यूपीएस घेताना विसरू नये. केवळ मागचा राउटर चालू राहून पुढचा ओएनटी बंद पडला तर नेट येणार नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी बनवलेले असतात. पत्र्याच्या छताला टेकून, टीव्हीच्या मागे किंवा फ्रिजवर राउटर ठेवला तर एप्रिल-मे महिन्यात तो वारंवार बंद पडतो. भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवावा. त्यावर शोभेचा रुमाल घालू नये. विजा कडाडू लागल्या की अडॅप्टर सॉकेटमधून काढावा. काचतंतूतून वीज येत नाही, पण विजेच्या वायरीतून येते.

डबा कोणाचा?

आपला डबा आपण लावावा की नाही, हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत टेक्सासमधील टॉम कार्टर नावाच्या माणसाने टेलिफोनचा रिसीव्हर वर ठेवला की तो रेडिओ संचाशी जोडला जाईल, असे एक साधन बनवले. तेलाच्या विहिरींवर दूरवर काम करणाऱ्यांना त्यामुळे टेलिफोनवर बोलता येऊ लागले. टेलिफोन कंपनीने हरकत घेतली, की आमच्या तारेला आमचेच यंत्र लावले पाहिजे. प्रकरण तेथील दळणवळण आयोगापुढे गेले आणि १९६८ साली निकाल लागला, की यंत्रणेला अपाय होत नसेल तर ग्राहक आपले साधन जोडू शकतो. पुढे बाजारात नाना तऱ्हेचे टेलिफोन संच, उत्तर देणारी यंत्रे आणि मोडेम येण्याची वाट त्या निकालाने मोकळी केली. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच ग्राहकाला स्वतःचा राउटर निवडण्याची मुभा मिळाली.

आपण जोडणी घेताना कंपनीशी भांडायला जाण्याची गरज नाही. चार प्रश्न मात्र स्पष्ट विचारावेत. डबा फुकट, भाड्याने की विकत? अनामत असेल तर पावती कोठे? जोडणी बंद केल्यावर ती किती दिवसांत परत? आणि ब्रिज करून द्याल का? उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. भाडे दरमहा पन्नास रुपये असेल तर वर्षाचे सहाशे होतात, हा हिशेब घरातील मुलांकडूनच करून घ्यावा. स्वतःचा राउटर असला की आणखी एक सोय होते. उद्या कंपनी बदलली तर त्यांचा ओएनटी ते घेऊन जातील, पण आपला राउटर, त्याचे नाव आणि पासवर्ड घरातच राहतात.

वाचकहो, या कामाला एक रविवार पुरतो. तार, प्लग आणि राउटर आणून ठेवावा. मोबाईलवरचे पान मात्र ज्या मुलीसाठी हे सर्व चालले आहे तिलाच उघडू द्यावे. आकडे तिने टाकावेत, चॅनल तिने निवडावे, वेग तिनेच मोजून वहीत लिहावा. काही अडले तर राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी दहा सेकंद दाबून धरावी, तो पुन्हा कारखान्यातून आल्यासारखा होतो आणि पहिल्यापासून सुरुवात करता येते. मात्र हे आपल्या राउटरलाच करावे, कंपनीच्या ओएनटीला नाही. त्यात भरलेली जोडणीची माहिती पुसली जाते.

एका घरी हे जमले की शेजारच्या घरी जाऊन दाखवावे. आपल्या गल्लीत हे काम जाणणाऱ्या दोन मुली तयार झाल्या, तर अर्जाच्या शेवटच्या तारखेला कोणाच्याही लेकराला रात्री ओट्यावर मोबाईल उंच धरून उभे राहावे लागणार नाही.